वाटणीची दोरी

गेरूत भिजवलेल्या दोरीचं एक टोक विष्णुपंतांच्या हातात, दुसरं त्यांच्या धाकट्या भावाच्या, सुमंतच्या. मध्ये चौक. दोघांनी दोरी ताणायची, बाळासो गवंड्यानं ती मधोमध उचलून फरशीवर सोडायची. तांबडी रेघ उमटली की तिच्यावर भिंत. वाईच्या गंगापुरीतल्या वाड्याची आज वाटणी होती.

रीत जुनी. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं हवा तो आधी उचलायचा. मग थोरला आपोआप सारखे वाटे पाडतो.

"कुठनं मारू रेघ, पंत?" बाळासोनं विचारलं.

विष्णुपंतांनी वर पाहिलं. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले सागवानी खांब. खांबाखांबात महिरप, महिरपीला लोंबतं केळफूल. तेल पिऊन पिऊन लाकडाला मधाचा रंग आला होता. इथं भिंत घातली तर मधलं केळफूल चिरणार.

"जरा मागं घेऊ," ते म्हणाले.

दोरी मागच्या चौकात आली. आजोबा मुंबई पाहून आले नि त्यांनी हा चौक विलायती थाटाचा केला. गोल कमानी, रंगीत तावदानं, ओतीव लोखंडाचा कठडा. कारागीर मात्र इथलेच. त्यांनी इंग्रजी वेलीवर चुन्याचे पोपट बसवले आणि पोपटांच्या चोचीत दिल्या मिरच्या.

आता सुमंत थांबला. "दादा, इथं नको. पोपटांची जोडी फुटते."

"मग?"

"आणखी मागं."

मागं तावदानांतून ऊन उतरलं होतं. फरशीवर तांबडं, निळं, हिरवं, जणू कुणी वाळत घातलेलं इरकली लुगडं. विष्णुपंतांचा पाय उचलेना.

"इथं भिंत आली तर हे ऊन कुठं उतरेल रे?"

बाळासोनं कपाळाला हात लावला. "आवं, इटामातीचं काय ते बोला. उनाच्या वाटण्या म्या कवा केल्या न्हाईत!"

दोघे भाऊ हसले आणि मागं सरले. माजघर गेलं. कोनाड्यांची ओळ गेली. चालता चालता एकदम उजाडल्यासारखं झालं.

बाळासो मटकन परसदाराच्या पायरीवर बसला. "पंत, दोरी वाड्याच्या भायेर आली की वो! हिकडं आख्खा वाडा, तिकडं गोठ्याची रिकामी जागा नि एक कडुनिंब. हिला वाटणी म्हंत्यात व्हय?"

विष्णुपंतांनी दोरीकडं पाहिलं. वाटे त्यांनीच पाडले होते. उचलणार सुमंत. आणि डोळे असलेला माणूस काय उचलेल, ते सांगायला जोशी नको होता. पुन्हा आत जावं, मधलं ते केळफूल चिरू द्यावं, एवढंच ओठावर होतं.

"उचल," ते म्हणाले.

सुमंतनं टोक खाली ठेवलं. रिकाम्या जागेत चालत गेला, कडुनिंबाला पाठ टेकून उभा राहिला.

"मला हा वाटा."

"अरे, तिथं काय आहे?"

"दोन खोल्या बांधीन. दार तिकडं करीन, वाड्याकडं."

"सुमंता, वेडा का खुळा तू? वाडा सोडून..."

"आत राहिलं की खांब दिसतो, कमान दिसते," सुमंत म्हणाला. "वाडा दिसत नाही. तू जन्मभर आत राहिलास दादा. इथनं कधी पाहिलायस?"

"मग मारू का रेघ?" बाळासोनं विचारलं.

विष्णुपंत पायरी उतरले. भावाशेजारी जाऊन उभे राहिले, उपरण्यानं चष्मा पुसला आणि पाहुण्यासारखं आपल्या घराकडं पाहिलं.