मागून आणलेलं विरजण

बाळाबाईनं दह्याचं गाडगं छातीशी धरलं होतं आणि अकिलाच्या हातात फिनेलची बाटली होती. मॅडम दारातच उभ्या होत्या. पुण्याहून निघायला उशीर झाला होता आणि त्यांना घाई होती.

"म्या चोरलं न्हाई," बाळाबाई म्हणाली. "गेनबाच्या सुनंकडनं, तिच्या पोराच्या डब्यातलं चमचाभर मागून आणलं. दिवसाउजेडी मागितलेल्या विरजणाला कोण न्हाई म्हणतं?"

"चोरलं असं कुणीच म्हणत नाही, आजी." मॅडमचा आवाज मऊ होता. "पण हे साधं दही नाही. ह्यातले जंतू आम्ही प्रयोगशाळेत बदललेत. ते पोटात जाण्याआधीच जीवनसत्त्व तयार करतात. ठरलेल्या वीस मुलांनाच ते द्यायची परवानगी आहे. असं घरोघरी विरजण लागत गेलं तर ते थांबायचं कुठं?"

"थांबवायचं कशाला?"

मॅडमनी अकिलाकडं बघितलं.

अकिला भोरची. तीन महिने ती दिवसाआड पहिल्या एसटीनं हिर्डोशीला दह्याचे डबे घेऊन येत होती. चाळीस पोरं, सगळ्यांच्या ओठांचे कोपरे त्याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं फाटलेले. वीस जणांना लाल झाकणाचा डबा, वीस जणांना निळ्या झाकणाचा. एकात बदललेलं दही आणि दुसऱ्यात साधं. कुठल्यात काय, हे मॅडमनी तिलाही सांगितलं नव्हतं. पण सहा आठवड्यांत गावानंच ओळखलं. लाल झाकणाची पोरं भाकरीवर ठेचा घेऊन खाऊ लागली. बाळाबाईची नात प्रेरणा मात्र निळ्या झाकणातली. नाचणीची आंबील गार झाली तरी ती मान वाकडी करून एका कडेनं ओढायची.

मग एका मंगळवारी प्रेरणाचेही कोपरे भरलेले दिसले. अकिलाला इतका आनंद झाला, की तिनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मॅडमनी वही वाचली, आणि आज त्या गाडी घेऊन आल्या.

"अकिला, तू ओततेस की मी ओतू?"

हे काम नीट पार पडलं, की तिला पुण्याच्या प्रयोगशाळेत कायम करून घेऊ, असा मॅडमनी शब्द दिला होता. अकिलानं गाडगं धरलं. बाळाबाईनं ओढाताण केली नाही. फक्त तिची बोटं एकेक करून सुटली.

"तुझ्याच तोंडानं सांगितलंस ना गं, पोरगी बरी झाली म्हणून?" ती हळूच म्हणाली.

दही घट्ट लागलं होतं. अकिलानं त्यावर फिनेल ओतलं आणि काठीनं ढवळलं. वासानं बाळाबाईनं नाकाला पदर लावला. आठ वर्षांची प्रेरणा चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"ताई, आता हे खायाचं न्हाई?"

"नाही."

मॅडमनी बदल्यात स्टीलचं नवं पातेलं आणलं होतं. बाळाबाईनं हात पुढं केला नाही, म्हणून त्यांनी ते उंबऱ्यावर ठेवलं. मग प्रेरणाला अंगणात बोलावलं आणि हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं.

"सुंदर भरलंय. अकिला, हिचं आता सगळं दही बंद. निळंसुद्धा नको. कोपरे परत फाटायला किती दिवस लागतात, ते दर मंगळवारी मोजायचं. अशी केस मुद्दाम तयार करता येत नाही."

अकिला गाडीपर्यंत त्यांच्या मागं गेली.

"मॅडम, तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या तर? उपकेंद्रात मिळतात."

"मग मोजणार काय?" मॅडमनी गाडीचं दार लावलं आणि काच थोडी खाली घेतली. "शेवटी सगळ्यांनाच देऊ गोळ्या. मी काही दुष्ट नाही."

पहिल्या मंगळवारी अकिलानं प्लॅस्टिकची मोजपट्टी प्रेरणाच्या ओठांशी धरली आणि वहीत शून्य लिहिलं.

"आलं का, ताई?"

"नाही."

गणित चुकल्यासारखा पोरीचा चेहरा पडला.

दुसऱ्या मंगळवारीही शून्य. बाळाबाई आता अकिला आली की घरात निघून जाई. उपकेंद्रातून मागून घेतलेलं गोळ्यांचं पाकीट अकिलाच्या पिशवीत होतं. दर वेळी तिचा हात पाकिटाला लागे, आणि मोजपट्टी घेऊन बाहेर येई.

तिसऱ्या मंगळवारी शून्य लिहून अकिला वही मिटून तिथंच बसून राहिली. तेव्हा प्रेरणाच तिची समजूत काढायला लागली.

"पुढच्या खेपंला येईल, ताई. म्या बी रोज बघती आरशात."

चौथ्या मंगळवारी एसटी वळणावर दिसली, तशी ती शाळा सोडून रस्त्यावर धावत आली. अकिला उतरायच्या आत तिनं खालूनच हाक मारली.

"ताई, आलं! दोन्हीकडनं आलं! म्याडमना सांगा!"

नीट दिसावं म्हणून तिनं तोंड होईल तेवढं मोठं उघडलं. कोपरे ताणले, फाटले, आणि रक्ताचा थेंब हनुवटीवर ओघळला. अकिलानं मोजपट्टी लावली. आकडा लिहून होईपर्यंत पोरगी तोंड मिटायला तयार नव्हती.