जुनं व्हर्जन

"सर, एवढी एकच सही." स्नेहलने कागद नाथाभाऊंपुढे सरकवला.

कागद तिसऱ्यांदा आला होता. सातपूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात विक्रेत्यांच्या ऑर्डरी वेबवरून येत. ज्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर हे सगळं चाले, ते कधीपासून तसंच होतं. आता २००७ साल सरत आलं होतं आणि डिसेंबरनंतर ते बनवणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नव्हते. अपग्रेड करायचं की नाही, हे कारखान्याच्या शेठनी संगणक सेक्शनचे प्रमुख म्हणून नाथाभाऊंवर सोडलं होतं.

"चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

"चालतंय कुठं, सर? रांगतंय. काल इगतपुरीच्या विक्रेत्यानं एकच ऑर्डर चारदा पाठवली, एकदाही पोचली नाही. शेवटी फोनवर म्हणतो, ताई, पंप बैलगाडीनं पाठवा, पण ऑर्डर तेवढी घ्या."

नाथाभाऊ हसले नाहीत.

"उद्या खंडेनवमी, पूजेसाठी कारखाना बंद. सकाळी लावलं की चार तासांत होतंय. फक्त मध्येच वीज तुटायला नको. म्हणून सर्व्हरच्या खोलीत, दाराजवळच्या विजेच्या मोठ्या बटणावर कागदच चिकटवलाय, हात लावू नये म्हणून."

नाथाभाऊंनी दाराकडे पाहिलं आणि मान वळवली.

"गोरक्षही असंच सांगायचा," ते म्हणाले.

गोरक्षचं नाव निघालं की सेक्शनमधली माणसं आपापल्या पडद्यात डोकं घालत. मखमलाबादच्या माळ्याचा पोरगा, नाथाभाऊंनीच पारखून घेतलेला. त्याला कामाबद्दल बोलताना ऐकलं की वाटे, संगणक नव्हे, याच्या वाफ्यातलं रोपच आहे. सहा वर्षांपूर्वी अशाच खंडेनवमीच्या सकाळी त्यानं अपग्रेड लावलं. "ते आपलं आपण करतंय, तोवर तू घरनं झेंडू घेऊन ये," नाथाभाऊंनीच त्याला पिटाळलं. इकडे कारखान्यात एकेक यंत्र थांबवून पूजा चालली होती. चालत्या यंत्राला कुणी हळद-कुंकू वाहत नाही. ताट नाथाभाऊंच्या हाती होतं, आणि मन हरखलेलं होतं. त्यांच्या मुलीची, शुभांगीची, सुपारी आठच दिवसांपूर्वी फुटली होती.

गोरक्ष टोपली डोक्यावर घेऊन परतला तेव्हा सर्व्हरचा पडदा काळाठिक्कर. सहा महिन्यांच्या ऑर्डरी गेल्या होत्या, जपून ठेवलेली प्रतही अर्धवट निघाली. पोरगं बराच वेळ सर्व्हरच्या खोलीभर फिरत राहिलं. बाहेर आलं ते एवढंच बोललं, "भाऊ, हात धुवून घ्या. प्रसाद वाटायचाय."

अहवाल नाथाभाऊंनी लिहिला. अपग्रेड फसलं, लावणारा गोरक्ष. खाली त्यांची सही. गोरक्षची नोकरी गेली आणि सातपुरात पुन्हा त्याला कुणी दारात उभं केलं नाही.

तुळशीचं लग्न झालं, मग शुभांगीचं. मांडवात हारांची टोपली आली, अंगावर पहाटेचं दव घेऊन. कुणाकडून, ते कुणी सांगितलं नाही. फुलंच सांगत होती.

तेव्हापासून नाथाभाऊंनी ना पूजेचं ताट हातात धरलं, ना अपग्रेडच्या कागदावर सही केली. लोक म्हणत, एकदा पोळलेत बिचारे.

"मग गोरक्षदादांनाच विचारू या ना," स्नेहल म्हणाली. "जुनं सगळं त्यांनीच बसवलंय. मी जाते मखमलाबादला."

"नको. मी जातो."

इतक्या घाईनं म्हणाले की ती बघतच राहिली.

मखमलाबादला गोरक्षच्या अंगणात झेंडूचा ढीग पडला होता, जणू ऊन गोळा करून ठेवलेलं. ढिगाशी बसून त्याची आई, भागीबाई, फुलं निवडत गात होती:

*झेंडू तोडिता बाई, हाताला लागे रंग,*
*पाण्यानं धुतला तरी सोडीना माझा संग.*

नाथाभाऊंना बघून ओवी थांबली. "लय दिसांनी वाट सापडली भाऊ! का फुलांचा वास आला सातपूरपतोर?"

"आये, चहा टाक," गोरक्ष आतून येत म्हणाला. "बसा भाऊ. शुभांगीताई बरी हाय ना?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. नाथाभाऊ पोत्यावर टेकले. गोरक्षने सुई उचलली आणि अर्धवट राहिलेला हार ओवायला घेतला.

"नवी पोरगी आलीय सेक्शनला. हुशार आहे, तुझ्यासारखी. उद्या अपग्रेड करायचं म्हणते. करू द्यावं का?"

"करू द्या की. सॉफ्टवेअरनं कुणाचं काय वाईट केलंय?"

"सहा वर्षं मी अडवून धरलं."

"माहीत हाय."

"आणि उद्या नीट झालं तर? लोक विचारतील, मग तेव्हाच कसं फसलं?"

गोरक्षची सुई एका फुलातून दुसऱ्या फुलात जात राहिली. सहा वर्षं छातीत दाबून ठेवलेलं नाथाभाऊंच्या ओठांशी आलं, मागं गेलं, पुन्हा आलं.

"गोरक्ष, त्या दिवशी..."

"भाऊ." त्यानं दातानं दोरा तोडला, हार कागदात गुंडाळला आणि त्यांच्या हातात ठेवला. "हा सर्व्हरला घाला. पूजा करा खुशाल. पण तिचं काम चालू असताना दाराजवळच्या बटणाला हळदीचा हात लावू नका. मागल्या वेळी त्यावरची तुमची पाच बोटं पुसता पुसता माझा सगळा रुमाल पिवळा झाला."