सत्ताविसावा काप

तार पुन्हा तुटली. सकाळपासून सातव्यांदा. दीक्षानं यंत्राचं पाणी थांबवलं आणि त्याच्या काचेवर कपाळ टेकलं.

सव्वीस तुकडे कापून झाले होते. दर तुकड्याला वीज वेगळी, तारेचा ताण वेगळा, पाण्याचा जोर वेगळा. कुठल्या मेळात काप झटकन आणि गुळगुळीत निघतो, एवढंच तिला शोधायचं होतं. सत्ताविसावा राहिला की तक्ता अधुरा, आणि तक्ता अधुरा तर पीएचडीची चार वर्षं अधुरी. पाच वाजता यंत्र बंद होणार होतं; उद्या त्याला दुरुस्तीला न्यायला माणसं येणार होती.

धातू तिनं स्वतः ओतला होता. ॲल्युमिनियम मऊ, पण त्यात कुरुंदासारखी कठीण भुकटी कालवलेली. केसासारखी पितळी तार त्या धातूला टेकत नसे. मधल्या फटीत ठिणग्या पडत आणि त्या ठिणग्याच धातू खात पुढं जात. भुकटीचा कण आडवा आला की तार तुटे. मग नवी तार तुकड्याच्या बारीकशा भोकातून हातानं ओवायची. आता दीक्षा ओवायला गेली की तार भोकाला सोडून चहूकडं जात होती.

दाराजवळच्या स्टुलावर तिची आई बसली होती. मालनबाई. गुडघे धरलेत म्हणून शेजारच्या गजराबाईच्या दंडाला धरून तामलवाडीहून एसटीनं आली होती. गजराबाई तिला स्टुलावर बसवून धाराशिवच्या बाजारात गेली. भाकरीचा डबा अजून मांडीवरच होता.

"वर्षभर म्हणतेय, एकदा ये, माझी ठिणगी बघ," दीक्षा डोळे पुसत म्हणाली. "आणि आलीस ती नेमकी मी रडायच्या दिवशी."

"आले न्हवं? मग झालं तर." मालनबाई उठली. "आण हिकडं ती तार."

वर्कशॉपचे बलभीममामा हसले. "आक्का, ती सुई न्हाय. हितं मोठमोठ्या सायबांनी हात टेकल्यात."

"सायबांनी वाकळा शिवल्यात व्हय कधी?"

वाकळा शिवूनच तिनं लेकीला इथवर आणलं होतं. गावात तिच्या टाक्याला तोड नव्हती. यंदा मात्र एकही वाकळ घातली नव्हती. दीक्षानं फोनवर विचारलं तेव्हा म्हणाली होती, "कटाळा आला बग. तू शिकलीस, आता माझी सुई म्हातारी झाली."

दीक्षानं तिचा हात धरून यंत्रापाशी नेला. मालनबाईनं डाव्या बोटानं भोक चाचपलं. उजव्या चिमटीत तारेचं टोक घेतलं, जिभेवर ओलं केलं, नखानं सरळ केलं. मान वर, तोंड खिडकीच्या उन्हाकडं. आणि गोधडी घालताना गुणगुणायची तशी गुणगुणली,

"सुईच्या नेढ्यातून, दोरा निघाला परगावा
लेकीच्या वाटंवरी, माझ्या जिवाचा गं दिवा."

ओवी सरायच्या आत तार आरपार गेली होती.

"अगागागा!" बलभीममामांनी हात जोडले. "ताई, तुमी राहू द्या. आक्कांनाच डॉक्टर करा!"

दीक्षा रडता रडता हसली. तिनं तार खालच्या चाकात अडकवली, आईला काचेसमोर उभं केलं आणि तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. रोज संध्याकाळी फोनवर ती हेच सांगत आली होती, की आई, पाण्याखाली मोरपिसासारखी निळी रेघ पळते बघ, तुझ्या टाक्यासारखी सरळ.

"आता बघ हं. तुझ्यामुळं निघणारा काप."

तिनं पाणी सोडलं. पंप घरघरला, तार सरसर पळू लागली. राहिलं फक्त ठिणगीचं हिरवं बटण. तिनं बोट त्यावर ठेवलं.

"थांबा ताई, झाकण ऱ्हायलं," म्हणत बलभीममामा पुढं झाले.

तेवढ्यात मालनबाईचा चेहरा उजळला. काचेकडं तोंड ठेवूनच तिनं दोन्ही हात लेकीवरून उतरवले आणि आपल्या कानशिलांशी कडाकडा बोटं मोडली.

"बया गं! लई देखणी हाय तुजी ठिणगी. मोरपिसावानी निळी. तू सांगायचीस, अगदी तश्शीच."

बलभीममामांचा हात झाकणावरच राहिला. काचेपलीकडं नुसतं पाणी पडत होतं.

दीक्षाचं बोट हिरव्या बटणावर होतं. तिनं ते अजून दाबलंच नव्हतं.