पोत्यांचं घर

सहा दांडगे गडी एकदम घुमटावर चढले आणि थयाथया उड्या मारू लागले. घुमट तसूभर हलला नाही. सळई नाही, सिमेंट नाही. नुसती ओलसर माती भरून ठोकलेली तांदळाची जुनी पोती, थरावर थर, दोन थरांमध्ये काटेरी तार आणि वरून चुना-मातीचा गिलावा.

"उतरा रे मेल्यांनो!" खालून म्हातारी फिलोमेन ओरडली. "घर बांधलंय, नाचायला ओटा नाही!"

"मावशी, पडलं तर आधी आमचीच हाडं मोडतील. तू भात बघ!"

सगळे हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं की इदामीझ जवळच उभी आहे, आणि हसू जागच्या जागी विरलं. घर पडण्याची थट्टा तिच्यासमोर कोणी करत नसे.

इदामीझच्या हातात पाण्याचा तांब्या होता. घराच्या बाईने उंबऱ्यावर तीनदा पाणी सांडायचं, आपल्या गेलेल्यांना ते पोचतं, आणि मग आत पाऊल टाकायचं. तोवर इर्जिकीला, म्हणजे घर बांधायला फुकट हात लावायला, आलेल्यांना जेवण वाढत नाहीत. बोकडाचं कालवण केव्हाच शिजलं होतं. लोक तिच्या पायांकडे बघत होते.

भूकंपाला आठ वर्षं झाली होती. त्या दिवशी लेओगान शहराच्या बाजूची निम्मी घरं बसली, त्यात इदामीझचंही बसलं. मागच्या खोलीच्या स्लॅबखाली तिची नादेज सापडली. चौदा वर्षांची पोर. तेव्हापासून बाई छताखाली झोपली नाही. ताडपत्रीखाली राहिली. वादळांनी तीनदा ताडपत्री उडवून नेली, तीनदा तिने नवी बांधली, पण कोणाच्या घरात म्हणून गेली नाही. मागच्या वादळात तापाने मरता मरता वाचली. आता पुन्हा वादळाचे महिने तोंडावर आले होते.

तिला या घरासाठी राजी केलं ते क्लेर्व्हिल मिस्त्रीने. वर्षभर तिच्या ताडपत्रीपाशी येऊन बसायचा. मग पाच महिने राबला, तेही फुकट. मातीची मूठ वळून कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायचा. चिखलासारखी पसरली किंवा भुगा झाली की अख्खा ढीग परत कालवायला लावायचा. मध्ये ठोकलेल्या खुंटीला दोरी बांधून एकेक पोतं मापून बसवलं त्याने. लोक वैतागले. कोणी म्हणे मिस्त्रीला देव भेटला, कोणी म्हणे डोकं फिरलं. नादेजवर पडलेला तो स्लॅबही त्यानेच ओतलेला होता, हे गावाला ठाऊक होतं. पण अर्ध्या गावाचे स्लॅब त्याचेच होते. दोष कोणी कोणाला दिला नाही.

इदामीझने एकदा पाणी सांडलं. दुसऱ्यांदा सांडलं.

आता मिस्त्रीने गप्प राहायचं की नाही! आठ वर्षं राहिला होता. पण तिसऱ्यांदा तांब्या कलताना बघितला आणि क्लेर्व्हिल पुढे झाला.

"थांब, इदामीझ. आत जाण्याआधी एक ऐक."

तिला घेऊन तो घुमटाच्या मागे गेला.

"तुझ्या स्लॅबची वाळू खारी होती," तो म्हणाला. "समुद्राची. मी जिभेवर ठेवून बघितली होती. कळलं होतं मला. तिच्यात सळई गंजते हे मिस्त्रीला नाही कळणार तर कोणाला? पण मजूर येऊन उभे होते, दुसरी गाडी यायला आठवडा गेला असता. मी बोललो नाही. पोर माझ्यामुळे गेली. थुंक माझ्यावर, मार मला, पण मग आत जा. हे घर खोटं नाही."

एवढा थोरला बाप्या, पण लहान पोरासारखा रडत होता.

इदामीझ रडली नाही. तिने विचारलं, "तुला कळलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

ती उरलेल्या एका पोत्यावर मटकन बसली. तांब्या कलंडला.

"ती गाडी मीच मागवली होती, मिस्त्री. नदीची वाळू मिळेना. चर्चमधलं नादेजचं पहिलं कम्युनियन जवळ आलं होतं, त्याआधी खोली व्हायला हवी होती. गाडीवाला म्हणाला, किनाऱ्यावरची आहे, चालेल का? म्हटलं, आण, मिस्त्री बघेल. चुलीपाशी उभी राहून मी तुझ्याकडेच बघत होते. तू चिमूट तोंडात टाकलीस, थुंकलास आणि म्हणालास, चला, कालवा. इतकं हायसं वाटलं मला!"

क्लेर्व्हिलने बाहीने डोळे पुसले.

"ती गेल्यापासून रोज सकाळी मी स्वतःला तेवढंच सांगत उठते. मिस्त्रीने चाखली होती. वाईट असती तर बोलला असता. म्हणजे मी काही केलं नाही. देवाने नेली तिला."

पुढून फिलोमेनची हाक आली, "अगं ये ना बाई, भात गार झाला!"

इदामीझने पोत्यावरून उतरून, गुडघ्यांवर बसून, मिस्त्रीचे मातीने भरलेले दोन्ही पाय धरले.

"चांगली होती म्हण, क्लेर्व्हिल. तुझ्या पाया पडते. वाळू चांगली होती म्हण."