देव्हाऱ्यातली बाटली

बोईसरच्या दवाखान्यात तपासताना माझ्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही पोटात असताना आईनं गर्भ टिकायच्या गोळ्या घेतल्या होत्या?" घेतल्या होत्या. तिचं चार वेळा पोट पडलं, पाचव्यांदा गोळ्यांनी मी टिकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यातल्या एका गोळीमुळे पोटातल्या मुलींना पुढे कॅन्सरची भीती असते. दरवर्षी तपासणी हवी होती. गोळीचं नाव आणा." नाव चिंचणीला आईच्या देव्हाऱ्यात होतं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आई गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीला हळदकुंकू लावते. पन्नास वर्षांच्या थरांखाली अक्षरं दिसेनाशी झालेली. मी नखानं खरवडू लागले तशी आईनं बाटली काढून घेतली, आधी कपाळाला लावली, मग ओल्या पदरानं पुसली. तिला वाचता येत नाही, आणि नाव कशासाठी हवंय ते मी तिला सांगितलं नव्हतं. "डॉक्टरनं नाव मागितलं ना? नीट लिवून घे," ती म्हणाली. "तुझ्या लेकीला तिसरा म्हयना हाय. तिला ह्याच गोळ्या द्यायला सांग."