निळे मासे

“कुणाला खरं वाटणार नाही, पण भेरलेवाडीच्या ओढ्यावरच्या साकवाला सही द्यायला मी साफ नकार दिला होता!” अभियंता दिनाच्या मंचावरून निवृत्त उपअभियंता माईणकर गरजले. “कठड्यावर एक खंड्या येऊन बसला आणि त्याच्या वजनानं कठडाच ओढ्यात! ठेकेदार पाया पडायला लागला. मी खिशातलं पेन काढलं आणि दिलं ओढ्यात भिरकावून. आठ दिवस गाव निळे मासे खात होतं!”

सभागृह खो खो हसलं. तिसऱ्या रांगेतली शाखा अभियंता मृण्मयी हसली नाही. तोच साकव परवा शाळेला निघालेल्या तीन मुलींसकट कोसळला होता. चौकशी तिच्याकडे होती. “पुरानं गेला असं लिहून टाक,” असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. ओढ्याला पाणी होतं घोट्याएवढं.

“पोरांनो, अभियंत्याची सही म्हणजे समाजाला दिलेला शब्द!” माईणकरांनी समारोप केला.

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारून साहेबांनी डोळे वटारले, तरी मांडीवरची चौकशीची फाईल घेऊन ती उठलीच.

“सर, सगळी शाई माशांनी नाही प्यायली. काम उत्तम झाल्याचा दाखला इथं आहे. खाली सही तुमचीच आहे. निळी.”