होऊन गेलेला ताप

“हिला मागच्याच वर्षी होऊन गेलाय डेंग्यू,” लाँड्रीवालीने डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं. “तेव्हा नाही डगमगली पोर. आणि कालपासून ताप पण उतरलाय. उगाच सुया टोचू नका तिला.”

बाई निश्चिंत होतील असं तिला वाटलं होतं. बाईंनी झटकन मान वर केली. नातीचं पोट हलकेच दाबलं, तशी पोर कण्हली. तिच्या नखावर बोट दाबून सोडलं आणि रंग परत यायची वाट पाहिली. मग गार पडलेला हात तसाच धरून नर्सला म्हणाल्या, “सलाईन लावा. आयसीयूत घ्या हिला, लगेच.”

नऊ वर्षांची पोर. घरात सगळे तिला रेडिओ म्हणत. दुकानात आजीच्या टेबलाशी बसून ती कपड्यांना नंबर लावायची आणि गिऱ्हाइकांचं डोकं खायची. “काका, या शर्टाला इस्त्री नको, आता सुट्टी द्या,” असं तोंडावर सांगायची. आज आईच्या हाकेलाही तिने ओ दिली नव्हती.

गल्लीत तापाची साथ आली तेव्हा सून म्हणाली होती, “आई, दोन्ही पोरांना माझ्या माहेरी ठेवून येते. तिकडे साथ नाही.”

“धाकट्याला ने. त्याला अजून झालेला नाही,” लाँड्रीवाली म्हणाली. “हिला कशाला नाचवतेस? हिचा होऊन गेलाय. गोवर काय दोनदा येतो?”

सून काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. बसणारच. लाँड्रीवालीसमोर फौजदाराच्या पँटीवरच्या चुणीचीही टिकायची छाती नव्हती, तिथे सुनेची काय कथा. मुलाने तर नेहमीसारखी इस्त्रीवरची मानच वर केली नाही. धाकटा गेला, रेडिओ राहिली.

मग रेडिओला ताप भरला. साधा असेल, लाँड्रीवाली म्हणाली. ताप उतरला, तशी ती गल्लीभर सांगत सुटली, बघा, माझी नात कशी काटक आहे. पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तरी तिचं आपलं एकच, तापानंतर पोट बिघडतंच. शेवटी कुणाला न विचारता सुनेने रिक्षा बोलावली. सासूला न विचारता तिने केलेलं ते पहिलं काम.

डॉक्टरीणबाई आयसीयूतून बाहेर आल्या. “आजी, डेंग्यूचे चार प्रकार असतात. एक होऊन गेला की तोच सहसा परत होत नाही. पण दुसरा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो, लहान मुलांना तर फारच. आणि खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना असतो.”

“म्हणजे ज्याला होऊन गेलाय, त्याला जपायचं होतं?”

“जपायचं दोघांनाही होतं. पण हिला जास्त.”

“वाचेल ना?”

“प्रयत्न करतोय. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही.”

सासू-सून बाकावर बसल्या. लाँड्रीवालीने मनात उत्तरं जुळवून ठेवली. मला काय ठाऊक, मागच्या वर्षी कुणी सांगितलं का, साथ काय मी आणली? आयुष्यभर तिने कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. सून मात्र नुसती बंद दाराकडे पाहत राहिली.

“बोल की,” शेवटी लाँड्रीवालीच म्हणाली. “मनात ठेवू नकोस. मीच अडवली तिला.”

“हे असं असतं ते मलाही कुठे माहीत होतं, आई.”

“तू तर न्यायला निघाली होतीस. माझ्या धाकाने गप्प बसलीस.”

सुनेने पदराने डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता.

“धाकाने नाही. तिच्याशिवाय तुम्हाला करमणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून नाही नेली मी तिला.”